हलकी गाडी आणि बालाघाटचा रस्ता

बीड जिल्ह्यात नवी गाडी दारात आली, की पेढे वाटून व्हायच्या आत तीन प्रश्न विचारून होतात : किती सीसीची, ॲव्हरेज किती, आणि कितीला पडली? गेल्या काही वर्षांत त्यात उंचीची भर पडली आहे. बॉनेट जितकं छातीला लागेल तितका गाडीचा रुबाब मोठा. गाडीचं वजन किती, हे मात्र कुणी विचारत नाही. शोरूमचा सेल्समन ते सांगत नाही आणि माहितीपत्रकात पुष्कळदा ते छापलेलंही नसतं. वास्तविक गाडी पळणार कशी, वळणार कशी, थांबणार कशी, टायर किती टिकणार आणि टाकी किती दिवस पुरणार, या सगळ्याचं मूळ त्या एका आकड्यात असतं.

वजन कमी करणं हाच ज्यांचा धर्म, अशा गाड्यांची एक वेगळी जात आहे : हलकी स्पोर्ट्‌स कार. ती आपल्याकडे रस्त्यावर क्वचित दिसते. पण तिचा एक नमुना महाराष्ट्रातच, अलिबागजवळ जन्मला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या जातीची गाडी बीडच्या रस्त्यावर चालवून पाहिली तर काय कळतं, याचा हा वृत्तान्त आहे.

कार्लेखिंडीतली रोडस्टर

पेणहून अलिबागकडे जाताना शहराच्या अलीकडे कार्लेखिंड लागते. तिथे गुइडो बोथे आणि शमा बोथे या दांपत्याने या शतकाच्या सुरुवातीला ‘चिंकारा मोटर्स’ नावाचा छोटा कारखाना उभारला. त्यांनी ‘रोडस्टर १.८ एस’ ही दोन आसनी उघडी गाडी बांधली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर फायबरग्लासचं अंग, लांबट नाक, पुढची चाकं उघडी आणि त्यांवर सायकलसारखे मडगार्ड. दारं नाहीत, छप्पर नाही. इंजिन मात्र ओळखीचं होतं : हिंदुस्तान मोटर्सच्या कंटेसामध्ये असायचं तेच इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन.

तिचं रूप उसनं आहे आणि ते कुणी लपवलेलं नाही. १९५७ साली इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची गाडी आणली. चॅपमन हे शिक्षणाने स्ट्रक्चरल इंजिनिअर. पूल बांधताना प्रत्येक दांडा भार पेलतो की नुसता भार वाढवतो, हा प्रश्न विचारावाच लागतो. तोच त्यांनी मोटारीला विचारला. ज्याने काही काम होत नाही ते काढून टाकायचं, आणि जे उरेल ते आणखी हलकं करायचं. सेव्हन सुट्या भागांतही मिळायची, आणि घरच्या गॅरेजमध्ये ती जोडली की त्या वेळचा ब्रिटनमधला खरेदी कर वाचायचा. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. ती गाडी आजही बनते, आणि जगभर तिच्या वळणाच्या कितीतरी गाड्या निघाल्या. कार्लेखिंडीतली रोडस्टर त्याच घराण्यातली.

कंटेसाचं वजन बाराशे किलोंच्या आसपास होतं आणि इंजिनाची ताकद नव्वद अश्वशक्तीच्या आतबाहेर. म्हणजे टनामागे पंचाहत्तर अश्वशक्ती. तेच इंजिन साडेसातशे किलोंच्या सांगाड्यात बसवलं, की टनामागे एकशेवीस होतात. इंजिनाला हात न लावता, पेट्रोलचा एक थेंबही जास्त न जाळता, नुसतं वजन उतरवून टनामागची ताकद दीडपटीहून अधिक झाली. हलक्या गाडीचं सगळं शास्त्र या एका हिशेबात आलं.

आपल्या देशात हा प्रयत्न एकट्या चिंकाराने केला असं नाही. बंगळूरच्या सॅन मोटर्सने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘स्टॉर्म’ ही छोटी उघडी दोन आसनी गाडी आणली. तिचं अंगही फायबरग्लासचं आणि इंजिन रेनॉचं, १.२ लिटरचं. अलीकडे, २०२१ मध्ये, मुंबईच्या वझिरानी ऑटोमोटिव्हने ‘एकाँक’ ही एकाच माणसाला बसता येईल अशी विजेवरची गाडी दाखवली. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तिचं वजन ७३८ किलो आणि ताकद ७२२ अश्वशक्ती, म्हणजे किलोमागे जवळजवळ एक. धनिकांच्या गॅरेजपुरत्या का होईना, कल्पना इथे रुजल्या. बाजार मात्र त्यांना कधी मिळाला नाही.

चाचणी कशाची आणि कुठे

स्पोर्ट्‌स कारची चाचणी म्हटलं की काटा किती वर गेला, एवढंच लोकांना ऐकायचं असतं. ती चाचणी सार्वजनिक रस्त्यावर घ्यायची नसते. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ या बाबतीत स्वच्छ आहे : राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी वाहनांची शर्यत किंवा वेगाची चढाओढ लावली, तर तो गुन्हा आहे. वेग तपासायला वेगळ्या जागा आहेत. इंदूरजवळच्या पिथमपूरला ‘नॅट्रॅक्स’चा ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग २०२१ मध्ये खुला झाला. एकाँकची धाव तिथेच झाली. बीडच्या शेजारच्या अहिल्यानगरात संरक्षण संशोधन खात्याची ‘व्हीआरडीई’ ही संस्था आहे आणि तिच्या आवारात वाहनांसाठी चाचणीमार्ग आहेत. बाजारात येणाऱ्या गाडीला मान्यता देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ही एक, आणि पुण्याची ‘एआरएआय’ ही दुसरी.

रस्त्यावर तपासायचं ते वेगळंच. गाडी हाताशी बोलते का, ब्रेकचा पाय कुठे लागतो, खड्ड्यात ती काय करते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपल्या भागातल्या रस्त्यावर तिला जागा आहे का. पुण्यातल्या एका इंजिनिअर मित्राने अशी रोडस्टर हौसेने सांभाळली आहे. दसरा उलटल्यावर ती बीडला आली, आणि पाली, मांजरसुंबा, लिंबागणेश या रस्त्यावर ती चालवायला मिळाली.

जमिनीपासून वीतभर

या गाडीत बसणं हीच पहिली परीक्षा. दार नसल्याने बाजूवरून पाय टाकायचा, मागच्या लोखंडी कमानीला धरायचं, सीटवर पाय ठेवून दोन्ही पाय पुढच्या अरुंद बोगद्यात सरकवायचे. तीन पेडल इतकी जवळ की रुंद तळाचा बूट चालत नाही; ब्रेक दाबताना ॲक्सिलरेटरही दाबला जातो. पाठ जवळजवळ मागच्या ॲक्सलला टेकते. हात बाहेर सोडला तर बोटं डांबराला लागतील इतकं खाली बसणं. स्टिअरिंगला पॉवर नाही, ब्रेकला जोर लावावा लागतो. उभ्या गाडीचं चाक वळवताना खांदे भरून येतात आणि गाडी चालू लागली की तेच स्टिअरिंग दोन बोटांवर येतं.

बीड सोडून सोलापूरच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग ५२ ला लागलं की पालीजवळ बिंदुसरेचा तलाव लागतो आणि पुढे मांजरसुंब्याचा घाट. रस्ता चौपदरी, चांगला. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन कण्हत नाही, मागे ओझं आहे असं वाटतच नाही. वळण आलं की अंग कलत नाही. उंच गाडीत वळणावर जो एक क्षण गाडी आधी झुकते आणि मग वळते, तो क्षणच इथे नाही. मनगट हललं की नाक हलतं. वळणाच्या मध्यावर स्टिअरिंग थोडं जड होतं. म्हणजे पुढच्या टायरने रस्ता नीट धरला आहे. पकड सुटायला आली तर तेच स्टिअरिंग आधी हलकं होतं, आणि चालवणाऱ्याला सावध करतं. हा निरोप जड गाडीतही येतो, पण पॉवर स्टिअरिंग, रबरी बुश आणि दोन टन लोखंडाच्या थरांतून येताना तो विरून जातो. इथे तो थेट तळहातावर पोचतो. चाळीसच्या वेगातही पोचतो, हे मुद्दाम सांगायला हवं. या गाडीचा आनंद घ्यायला कायदा मोडावा लागत नाही.

घाट चढून मांजरसुंब्याला पश्चिमेला वळलं की खरी कसोटी सुरू होते. हलक्या गाडीत चाकं आणि ॲक्सल यांचं वजन एकूण वजनाच्या मानाने जास्त भरतं. त्यामुळे उंचवटा लागला की जड गाडी तो दाबून टाकते, ही मात्र उडते. रस्त्याला पडलेली प्रत्येक लाट कण्यापर्यंत येते. त्यात गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा असं सांगितलं आहे. तसा असेल तर ही गाडीही पोट न घासता जाते. पण गावागावांत अपघातानंतर लोकांनीच डांबर आणि मुरूम ओतून बांध घातले आहेत, उभे आणि अरुंद. त्यांच्यावरून ही गाडी तिरकी घालावी लागते, एकेक चाक चढवत. त्या बांधांबद्दल तक्रार करवत नाही. शाळेतून येणारं पोर गमावल्यावर गाव मानकाची वाट कशी पाहील? सरकारने मापाचा गतिरोधक वेळेवर बांधला असता, तर गावाला घमेलं उचलावं लागलं नसतं.

लिंबागणेशच्या अलीकडे सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायकांजवळ थांबलो. बालाघाटच्या डोंगरउतारावरची सीताफळं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पाच मिनिटांत पोरांचा गराडा पडला. ‘‘काका, हिला दारं कामून नाहीत?’’ हा पहिला प्रश्न. दुसरा कुणीतरी विचारलाच, ‘‘कितीला पडली?’’ एका म्हाताऱ्या बाबांनी उघड्या मडगार्डवर हात ठेवला, गाडी जरा हलवून पाहिली आणि म्हणाले, ‘‘हलकी हाय. पर उसाच्या ट्रॅक्टरपुढं जपून ऱ्हावा. त्याला तुमी दिसायचं न्हाई.’’

गाडीबद्दलचा सगळ्यात नेमका अभिप्राय तो होता. रोडस्टरमध्ये बसल्यावर डोळे ट्रकच्या चाकाच्या नटाच्या पातळीला येतात. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, डेकवर गाणी लावलेले ट्रॅक्टर रात्री या रस्त्यांवर असतात आणि कितीतरी ट्रॉल्यांना मागे लाल दिवा तर सोडाच, रिफ्लेक्टरची पट्टीही नसते. अशा रस्त्यावर अंधारात ही गाडी चालवू नये. एअरबॅग नाही, डोक्यावर छप्पर नाही. जड वाहनाशी टक्कर झाली तर हलक्याचा निभाव लागत नाही, हे भौतिकशास्त्र आहे, आणि त्यापुढे हौस चालत नाही.

वजनाचा हिशेब

तरीही हलकेपणाची बाजू सोडता येत नाही. कारण ती एका गाडीची नाही, सगळ्या रस्त्याची आहे.

ताशी ८० किलोमीटर वेगाने चाललेल्या दोन टनांच्या एसयूव्हीत सुमारे ४९४ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. साडेसातशे किलोंच्या गाडीत त्याच वेगाला १८५. ब्रेक दाबला की ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन पॅड आणि डिस्कमधून बाहेर पडते. थांबायचं अंतर मुख्यतः टायरच्या पकडीवर ठरतं, म्हणून हलकी गाडी काही निम्म्या अंतरात थांबत नाही. पण घाट उतरताना तिचे ब्रेक तितके तापत नाहीत, पॅड तितके झिजत नाहीत, टायर वर्षानुवर्षं टिकतो. आणि तिच्यापुढे पादचारी आला, तर तो कमी वजनापुढे येतो.

रस्त्याचं गणित याहून कडक आहे. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर सतत ट्रक चालवले गेले. त्यातून निघालेला नियम जगभरचे रस्ते-अभियंते आजही वापरतात : रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. या हिशेबाने दहा टन भाराचा एक ॲक्सल जेवढी झीज करतो, तेवढी करायला रोडस्टरसारखे ३७५ किलोंचे ॲक्सल पाच लाख वेळा जावे लागतील. बीडच्या पुष्कळ भागात रस्त्याखाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हात आक्रसून भेगाळते. त्यावर मापाबाहेर भरलेल्या ट्रॉल्या गेल्या की डांबराला लाटा येतात. रोडस्टरने कण्यापर्यंत पोचवलेल्या लाटा त्याच.

वजन म्हणजे काय, हे या जिल्ह्याला शिकवायची गरज नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथून लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. टायरगाडी ओढणाऱ्या बैलाला चढावर काय होतं आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना गुडघ्याला काय होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. इंजिनाचंही तसंच असतं. ते बोलत नाही, जास्त जाळतं एवढंच.

आपले नियम मात्र हलकेपणाची कदर करत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरच्या जीएसटीचे नवे दर लागू झाले. चार मीटरपर्यंत लांब आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के, त्यापुढच्या गाड्यांना ४०. कराची पट्टी लांबी मोजते, सीसी मोजते. गाडी काट्यावर कधी चढतच नाही. साडेसातशे किलोंची रोडस्टर तिच्या १.८ लिटर इंजिनामुळे दोन टनांच्या एसयूव्हीच्या रांगेत जाऊन बसते. कंपन्यांना इंधनवापराच्या सरासरीचे जे नियम आहेत, त्यांत तर कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन जितकं जास्त, तितकी मर्यादा सैल. मग हलकी गाडी कोण बनवील? जगाचा कलही तोच आहे. ज्या लोटसने हलकेपणाचा पाठ दिला, ती कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतात आली ती अडीच टनांच्या घरातली ‘एलेत्रे’ ही विजेवरची एसयूव्ही घेऊन.

हलकं म्हणजे असुरक्षित असंही नाही. १९९६ ची लोटस ‘एलिस’ ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या विशिष्ट गोंदाने चिकटवून बांधली होती. नुसता सांगाडा ६८ किलोंचा आणि गाडी सव्वासातशेच्या आसपास. जपानच्या माझ्दाची ‘एमएक्स-५’ १९८९ पासून बनते आहे. आज तिच्यात एअरबॅग आहेत, एबीएस आहे, आणि तरी वजन एका टनाच्या आसपास ठेवलं आहे. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. माझ्दा भारतात मोटारी विकत नाही, म्हणून ती आपल्याला दिसत नाही, एवढंच.

पुढची गाडी कोण बांधणार

छोट्या कारखान्याला गाडी विकायची तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे मान्यता घ्यावी लागते, आणि चाचण्यांचा खर्च वर्षाला मोजक्याच विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर पडतो. सुरक्षेचे नियम सैल करा असं कुणी म्हणू नये. पण चाचणीशुल्कात छोट्यांना सवलत देता येईल. कराची पट्टी ठरवताना सीसीच्या शेजारी किलोचा एक रकाना जोडता येईल. त्याचा फायदा स्पोर्ट्‌स कारला होईल त्याहून अधिक साध्या, रोजच्या छोट्या गाडीला होईल.

हलकी गाडी बांधण्याचं शिक्षण तर आपल्याकडे सुरूच आहे. ‘फॉर्म्युला स्टुडंट’ प्रकारच्या स्पर्धांत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी स्वतः एक आसनी गाडी आखतात, बांधतात आणि चालवतात. आयआयटी मुंबई, मुंबईचं सोमय्या महाविद्यालय, पुण्याचं सीओईपी यांचे संघ त्यात उतरले आहेत. गाडीचं वजन बहुधा दोनशे-अडीचशे किलो. पेट्रोल इंजिन असेल तर हवा आत घेण्याचं तोंड फक्त २० मिलिमीटरचं, म्हणजे ताकद बेताचीच राहते आणि डोकं वजनावर चालवावं लागतं. ७५ मीटरची धाव, आठच्या आकड्यातलं वळण, २२ किलोमीटरची टिकण्याची परीक्षा, आणि त्यासोबत खर्चाचा हिशेब व आराखड्याची तोंडी परीक्षा. ‘फॉर्म्युला भारत’ ही अशी स्पर्धा कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होते.

त्या मैदानात अंबाजोगाईच्या इंजिनिअरिंग महाविद्यालयाचा, बीडच्या शासकीय तंत्रनिकेतनाचा, परळीच्या मुलांचा संघ उभा राहायला हवा. हात इथे आहेत. केज, माजलगाव, गेवराईच्या रस्त्याला लागून वेल्डिंगची जी दुकानं आहेत, तिथे नळी कापून, वाकवून, जोडून ट्रॉलीचा सांगाडा तयार करणारे कारागीर आहेत. त्यांना आजवर कुणी ‘हाच सांगाडा निम्म्या वजनात कर’ असं सांगितलेलं नाही, कारण गिऱ्हाईक जाड लोखंड मागतं. तिथे एक प्राध्यापक, काही विद्यार्थी आणि एक वजनकाटा उभा केला, की काम सुरू होईल. साखर कारखान्यांनी, बँकांनी आणि इथून पुण्या-मुंबईला जाऊन मोटार उद्योगात नाव काढलेल्या इंजिनिअरांनी त्याला हातभार लावावा. एका मिरवणुकीच्या डीजेला जेवढा खर्च होतो, तेवढ्यात सांगाड्याच्या नळ्या येतात.

आणि वाचकांना एक विनंती. या दिवाळीत गाडी घ्यायला शोरूममध्ये जाल, तेव्हा सीसी विचारा, ॲव्हरेज विचारा, एअरबॅग किती ते तर जरूर विचारा. त्याच दमात गाडीचं वजन किलोत किती, हेही विचारा. सेल्समनला ते ठाऊक नसेल, तर त्याला शोधून आणायला लावा. गिऱ्हाईक जे विचारतं तेच कारखाना बनवतो.